पगार झाला की द्या!

निगडी, आकुर्डी, चिंचवडमध्ये फिरताना एक गंमत दिसते. दुकान जेमतेम दहा बाय वीसचं, दारात केळीचा घड लटकलेला आणि पाटीवर ठसठशीत अक्षरांत ‘डिपार्टमेंटल स्टोअर’! ना मजले, ना सरकते जिने. डिपार्टमेंट म्हणाल तर किराणा, वह्या-पेनं आणि गल्ल्याशेजारच्या गोळ्यांच्या बरण्या. तरी घरातली मोठी माणसं ‘पूर्वीच्या खरेदी’चं कौतुक सुरू करतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असंच दुकान असतं.

त्याचं कारण पगार. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को. पगाराच्या 1936 च्या कायद्यानं हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात 7 तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात 10 तारखेच्या आत पगार द्यावा लागे. घरखर्चाचं गणित त्यावरच बसलेलं. वाण्याकडे लाल कापडी बांधणीची चोपडी असायची. सामान आधी, पैसे पगार झाल्यावर. यादी देऊन यायचं, संध्याकाळी पोरगा सायकलवरून पिशव्या आणून टाकायचा. दहा मिनिटांत नाही यायचा, मान्य! पण शेंगदाणे खवट निघाले तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळायचे. त्यासाठी चॅटबॉटशी हुज्जत घालावी लागत नसे.

कपड्यांसाठी मात्र लक्ष्मी रोड. इथल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. लोकलनं शिवाजीनगर गाठायचं, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसायचं आणि समोरचा माणूस साड्यांवर साड्या उलगडणार. ‘बघा हो ताई, बघायला पैसे पडत नाहीत!’ आज ट्रायल रूमबाहेर रांगेत उभं राहून मापाचा टी-शर्ट आपणच शोधतो, तेव्हा ती गादी भारी वाटते.

पण थांबा. काउंटरपलीकडचा माणूस सगळं ओळखून असायचा, हीच अडचणही होती. सॅनिटरी नॅपकिन मागायला दुकान रिकामं व्हायची वाट बघायची, आणि तो ते पेपरात गुंडाळून देणार. आपल्या हातानं रॅकवरून पाकीट उचलणं ही मुलींसाठी लहान गोष्ट नाही. त्या रॅकचीही एक गोष्ट आहे. मुंबईच्या नायगावात 1948 मध्ये सहकारातून ‘अपना बाजार’ सुरू झाला. त्याची नेरुळची फ्रँचायझी राधाकिशन दमाणी यांनी चालवून पाहिली, ते मॉडेल काही पटलं नाही, आणि 2002 मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं. तिथे किंमत कमी, पण चोपडी नाही.

आणि चोपडी तरी सगळ्यांसाठी कुठे होती? कंपनीत पर्मनंट असलेल्याचं खातं लगेच उघडायचं, बाकीच्यांना आधी ओळख काढावी लागायची. आता उधारी ‘पे लेटर’च्या बटणात आलीय. त्याला ओळख लागत नाही, पण हप्ता चुकला की दंड ठरलेला. वाण्याला निदान ‘यंदा पगार लांबलाय’ असं सांगता यायचं.

चाकणला खराबवाडी, नाणेकरवाडीकडे भाड्याच्या खोल्यांखाली अशी दुकानं अजून आहेत. गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवलेला, त्याच्या शेजारी वही. पण सात महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या पोराचं नाव त्या वहीत चढायचं, तर आधी खोलीमालकानं ‘आपलाच आहे, द्या’ म्हणावं लागतं.