नऊ पावसाळे आणि चार आकडे

रत्नागिरीला मामांच्या पडवीत त्यांची प्रीमिअर पद्मिनी नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मॉडेल १९८६चं. गेल्या दिवाळीत मिस्त्रींनी चारही प्लग काढून तिचं कॉम्प्रेशन मोजलं आणि आकडे खडूने भिंतीवर लिहिले : १२५, १२०, ६०, ४५. शेजारच्या गॅरेजवाल्याने कुंपणापलीकडूनच निकाल दिला, "तीन आणि चार शेजारी-शेजारी पडलेत. हेड गॅस्केट गेलं."

पुस्तकाप्रमाणे तो बरोबर होता. दोन शेजारच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलं, तर मधलं गॅस्केट फाटल्याचा संशय पहिला. मिस्त्री मात्र मामांना म्हणाले, "काका, घाई नको. बंद केली तेव्हा ती कुठे थांबली होती, ते आधी बघू."

पद्मिनीचं इंजिन मूळ फियाट ११०० घराण्यातलं, कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेलं. सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चार मिळून १०८९ सीसी. एका सिलिंडरात २७२ सीसी हवा येते आणि साधारण साडेसात पट दाबली जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पाउंड, त्याची साडेसात पट ११०. गेज बाहेरचा दाब वजा करून दाखवतं, म्हणजे आकडा ९५च्या आसपास यायला हवा. धडधाकट इंजिन १२० ते १५० दाखवतं, कारण दाबली की हवा तापते आणि तापली की आणखी जोर करते. सायकलचा पंप मारताना नळी हाताला गरम लागते, तोच प्रकार. (मापाला उंचीही लागते. मुंबईत १४० दाखवणारं इंजिन महाबळेश्वरला १२०च्या आतबाहेर दाखवेल. बिघाड काही नाही, वर हवाच विरळ.)

हा दाब धरून ठेवायचं काम तिघांचं : पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट. रोज धावणाऱ्या गाडीत झीज सगळीकडे सारखी होते. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींसारखं रोज राबलेलं इंजिन मोजलं, तर चारही आकडे बहुधा हातात हात घालून उतरलेले दिसतात. उभ्या गाडीचं दुखणं निराळं असतं. तिथे एखादा सिलिंडर ठणठणीत आणि शेजारचा आजारी, असं सर्रास होतं, आणि त्याचं मूळ बंद करतानाच्या शेवटच्या क्षणात असतं.

इंजिन बंद पडताना पिस्टन सहसा धावेच्या मध्यावर येऊन थांबतात, कारण हवा दाबणारा सिलिंडर त्यांना पुढे जाऊ देत नाही. त्या घडीला चारांपैकी एक हवा ओढत असतो, एक दाबत असतो, एक जोर देण्याच्या आणि एक धूर बाहेर टाकण्याच्या पायरीवर असतो. म्हणजे दोन सिलिंडर बंद आणि दोन उघडे. पद्मिनीत प्लग पेटण्याचा क्रम १-३-४-२. पहिला हवा दाबताना गाडी थांबली असेल, तर तिसऱ्याचा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चौथ्याचा बाहेर टाकणारा. कोकणातली दमट हवा एकीकडून कार्बोरेटरमधून तिसऱ्यात आणि दुसरीकडून सायलेन्सरमधून चौथ्यात, नऊ पावसाळे ये-जा करत राहते. व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज धरतो. मग तीन आणि चार एकदम पडतात, आणि गॅस्केट बिचारं शाबूत असतं.

अर्थात हा तर्कच होता. तो तपासायला हवा. आकडे मात्र भरवशाचे होते. मोजण्याआधी मिस्त्रींनी सेल्फला एकदम हात लावला नव्हता. गंजलेल्या बोअरमध्ये चिकटलेली रिंग सेल्फच्या झटक्याने मोडू शकते. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून तीन दिवस तसंच ठेवलं, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही गाडी हलकेच पुढेमागे ढकलली. इंजिन फिरतंय याची खात्री झाल्यावर प्लगविना सेल्फ मारून ते ऑइल उडवून टाकलं. नाहीतर पहिलाच आकडा फुगून आला असता. मोजताना मी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसलो होतो. तो दाबला नाही तर आत पुरेशी हवाच येत नाही आणि निरोगी इंजिनही आजारी ठरतं. बॅटरी अर्धमेली असली तरी तेच.

नेहमीची युक्ती म्हणजे सिलिंडरात ऑइल घालून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांची फट बुजवतं, व्हॉल्व्ह वर असल्याने त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आकडा उसळला तर दोष रिंगांचा. पण किती ऑइल? पिस्टन वर असताना इथे जेमतेम ४२ सीसी जागा उरते. पोह्याच्या चमच्याने १५ सीसी ओतलं, तर साडेसात पट दाब थेट अकरा पट होतो आणि सगळ्यांच्याच रिंगा दोषी ठरतात. मिस्त्रींनी चहाचा एक चमचा घातला. त्यानेही आकडा दहाएक टक्के वाढतोच. तिसरा ६० वरून ६६, चौथा ४५ वरून ५०. म्हणजे रिंगा निर्दोष.

मग एकेक पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. गाडी सरकू नये म्हणून गिअर घालून चाकांना दगड लावले होते. चौथ्यात हवा सोडताच सायलेन्सरच्या टोकाला फुसफुस ऐकू आली. तिसऱ्याची कार्बोरेटरमधून. ऑइल भरायच्या झाकणाशी शांतता, रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. शेवटी तिसऱ्यात हवा असताना चौथ्याच्या भोकावर टिश्यूचा कपटा धरला. तो हललाही नाही. गॅस्केट फाटलेलं असतं, तर उडून गेला असता.

टॅपेट तपासून गाडी सुरू केली. पहिले दोन सिलिंडर तिला खोकत-थरथरत चालवायला पुरले. अर्ध्या तासाने गरम इंजिनावर तिसरा ११०ला आला होता. बैठकीवरचा हलका गंज व्हॉल्व्हच्या ठोक्यांनीच झडला. चौथा ५५वर अडून बसला, म्हणून हेड उतरवलं. त्याच्या व्हॉल्व्हच्या चकचकीत कडेवर नखाएवढा तपकिरी खड्डा होता. पेस्ट लावून तो बैठकीवर घासून बसवला.

गॅस्केट धड निघालं. पण एकदा हेड उतरवलं की जुनं परत घालत नाहीत, म्हणून नवं घातलं. शेजारचा गॅरेजवाला अजून सगळ्यांना सांगतो, काकांच्या फियाटचं गॅस्केट गेलं होतं.