शरीराची साक्ष : मेंदूच्या आवरणाचा दाह कसा ओळखतात

काशीच्या उत्तरभागी, पंचगंगा व दुर्गा या घाटांच्या शेजारी, ब्रह्मा घाट आहे. पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे या परिसरात वस्ती करून राहिली. घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की लागणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार तेथे शिरू शकत नाही. आजारी माणसाला उचलूनच मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते.

समजा, अशाच एका घरातील सहा वर्षांच्या मुलास दोन दिवस ताप येत आहे. जवळच्या दवाखान्यातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या दोन मात्रा त्याच्या पोटात गेल्या आहेत. तिसऱ्या दिवशी पहाटे तो डोके धरून विव्हळू लागतो, ओकतो, दिव्याचा उजेडही त्यास सोसवत नाही. आजी त्याची मान पुढे वाकवू पाहते, तो ती लाकडासारखी ताठ लागते. घरची मंडळी त्यास शहराच्या दक्षिण टोकास, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात. तेथे डॉक्टरांपुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच या लेखाचा विषय होय : हा दाह जीवाणूंनी केला आहे, की विषाणूंनी?

एक लक्षण, दोन रोग

मेंदू व मज्जारज्जू यांभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्यांतील आतल्या दोहोंमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. त्यास मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. रोगकारक जंतू येथे शिरले म्हणजे आवरणांना दाह होतो. यालाच मेनिंजायटिस म्हणतात.

जीवाणूंमुळे होणाऱ्या दाहात या स्वच्छ द्रवाचा पू बनतो. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस हे त्यातील मुख्य अपराधी होत. योग्य औषध वेळेवर न मिळाल्यास रुग्ण बहुधा दगावतो, आणि वाचला तरी पुष्कळदा बहिरेपणा किंवा अपस्मार मागे राहतो. याउलट, ज्या दाहात नेहमीच्या परीक्षांनी एकही जीवाणू सापडत नाही, त्यास निर्जंतुक दाह म्हणतात. स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ आर्विड वालग्रेन यांनी १९२५ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. हा बहुतकरून विषाणूंचा प्रताप असतो. बहुतेक मुले विश्रांतीने व शुश्रूषेने बरी होतात, आणि प्रतिजैविकांचा त्यावर काडीचाही उपयोग होत नाही.

परंतु रुग्णालयाच्या दाराशी दोघांचे रूप सारखेच असते. तोच ताप, तीच ताठ मान.

द्रव काय सांगतो?

१८९१ मध्ये जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी कमरेतील मणक्यांच्या फटीतून सुई घालून हा द्रव काढण्याची रीत प्रचारात आणली. ‘पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते’ अशी भीती आजही अनेक घरांत आढळते. ती निराधार आहे. कारण मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते.

काढलेला द्रव गढूळ असेल, त्यातील पांढऱ्या पेशी हजारांच्या घरात असतील, साखर उतरलेली आणि प्रथिने वाढलेली असतील, तर जीवाणूंचा संशय बळावतो. द्रव स्वच्छ, पेशी थोड्या व बव्हंशी लसिका-पेशी, आणि साखर जवळजवळ प्राकृत असेल, तर विषाणूंकडे बोट जाते. अखेरचा निर्णय द्रवातील जंतू वाढवून पाहण्याने होतो; मात्र त्यास एक-दोन दिवस लागतात.

आपल्या देशात येथेच एक अडचण उभी राहते. रुग्णालयात येण्यापूर्वीच पुष्कळ मुलांना प्रतिजैविके दिलेली असतात. अशा वेळी द्रवातील जंतू अर्धमेले होतात आणि वाढवू गेल्यास वाढत नाहीत. बशी कोरी राहते, पण रोग हटलेला असतोच असे नाही. चोर दिसत नाही, म्हणून घरात चोरी झालीच नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी जंतूंऐवजी शरीरालाच साक्षीला बोलवावे लागते.

पहिला साक्षीदार

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूपासून वेगळ्या केलेल्या ‘सी’ नावाच्या एका शर्करामय द्रव्याचा या रुग्णांच्या रक्तरसाशी संयोग होताच साका बसतो, असे त्यांना आढळले. रोगी बरा झाला की हा गुण नाहीसा होई. या गुणाचे कारण असलेल्या प्रथिनास पुढे ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ असे नाव पडले. आज रुग्णालयांत ते ‘सीआरपी’ या संक्षेपाने ओळखले जाते.

हे प्रथिन यकृतात तयार होते. शरीरात कोठेही मोठा दाह पेटला की संरक्षक पेशी रासायनिक निरोप धाडतात, आणि यकृत काही तासांतच हे प्रथिन रक्तात ओतू लागते. निरोगी माणसात ते लिटरमागे १० मिलिग्रॅमहून कमी असते. तीव्र जीवाणूसंसर्गात १०० च्या पुढे जाते. परंतु हा साक्षीदार थोडा उशिरा जागा होतो; त्याची पातळी शिखरास पोहोचण्यास सुमारे दोन दिवस लागतात. शिवाय मार, भाजणे, शस्त्रक्रिया, संधिवात यांतही तो ओरड करतो.

दुसरा साक्षीदार

दुसरा साक्षीदार अधिक चाणाक्ष आहे. प्रोकॅल्सिटोनिन हे एका संप्रेरकाचे पूर्वरूप असून एरवी ते कंठग्रंथीत अत्यल्प प्रमाणात तयार होते. १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांना असे दिसले की, गंभीर जीवाणूसंसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तात ते कित्येक पटींनी वाढते. अशा संसर्गात शरीरातील अनेक ऊती ते तयार करू लागतात. विषाणूंचा हल्ला झाला असता मात्र शरीर जो इंटरफेरॉन सोडते, तो या निर्मितीस आवर घालतो. म्हणून एका रोगात पातळी उसळते, तर दुसऱ्यात ती दबून राहते.

१९९७ मध्ये फ्रान्समध्येच मेनिंजायटिस झालेल्या ५९ मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. जीवाणूजन्य दाहाच्या मुलांत हे द्रव्य मिलिलिटरमागे ४.८ ते ११० नॅनोग्रॅम होते, तर विषाणूजन्य दाहात ते १.७ च्या वर गेले नाही. पुढे युरोपातील अनेक रुग्णालयांनी मिळून १९८ मुलांचा अभ्यास केला व तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ०.५ ही सीमारेषा धरली असता जीवाणूजन्य दाहाच्या १०० मुलांपैकी ९९ ओळखता आली. निर्जंतुक दाहाच्या १०० पैकी ८३ रेषेच्या खाली राहिली. म्हणजे १७ मुलांना विनाकारण औषध मिळाले असते, आणि एका मुलाचा रोग निसटला असता. त्या एका मुलासाठीच डॉक्टर केवळ आकड्यावर विसंबत नाहीत.

साक्षीदार कोठे चुकतो?

आपल्याकडे ही सावधगिरी दुपटीने हवी. क्षयाच्या जंतूंमुळे होणारा मेनिंजायटिस हळूहळू वाढतो. त्यात प्रोकॅल्सिटोनिन पुष्कळदा फारसे वाढत नाही आणि द्रवात लसिका-पेशीच अधिक असतात. आकडा पाहून त्यास ‘विषाणूजन्य’ म्हणून सोडून देणे म्हणजे रोग्यास मृत्यूच्या हाती देणे होय.

काशीच्या उत्तरेस असलेल्या गोरखपूर भागाचा अनुभवही असाच बोलका आहे. तेथे १९७८ मध्ये जपानी मेंदूदाहाची मोठी साथ आली आणि २००५ च्या साथीत हजाराहून अधिक रुग्ण दगावले. पुढे लस आली, तो विशिष्ट विषाणू मागे हटला, तरी दर पावसाळ्यात मुले ताप व बेशुद्धी घेऊन येतच राहिली. २०१४ नंतरच्या तपासांत त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांत ‘स्क्रब टायफस’ची लागण दिसली. सूक्ष्म कीटकांच्या चाव्याने पसरणारा हा जीवाणू नेहमीच्या बशीत वाढत नाही. मात्र डॉक्सिसायक्लिन वा ॲझिथ्रोमायसिन या साध्या औषधांनी तो हटतो. ‘निर्जंतुक’ या शब्दाचा अर्थ ‘जंतू नाहीत’ असा नव्हे, तर ‘अद्याप सापडले नाहीत’ एवढाच आहे.

मग या परीक्षांचा उपयोग काय?

नियम असा : संशय येताच प्रतिजैविक सुरू करावे, कोणत्याही आकड्याची वाट पाहू नये. रक्ताची परीक्षा औषध सुरू करावे की नाही हे ठरवण्यासाठी नसून, सुरू केलेले औषध केव्हा थांबवावे हे ठरवण्यास साहाय्यभूत होते.

ब्रह्मा घाटावरील त्या मुलाचेच पाहा. शिरेतून औषध तत्काळ सुरू झाले आणि द्रव काढला गेला. त्यात लसिका-पेशी, साखर प्राकृत, प्रोकॅल्सिटोनिन ०.२, सीआरपी १२. क्षय व स्क्रब टायफस यांची स्वतंत्र तपासणी झाली, तीही नकारार्थी आली. दोन दिवसांनंतरही बशी कोरीच राहिली. एरवी आधी घेतलेल्या त्या दोन मात्रांमुळे या कोऱ्या बशीवर कोणी विश्वास ठेवला नसता, आणि मुलास आणखी आठ-दहा दिवस सुया सोसाव्या लागल्या असत्या. आता सर्व साक्षी एकमेकींशी जुळल्या. औषध थांबले आणि मूल घरी परतले. याच साक्षी उलट निघाल्या असत्या, तर बशी कोरी असूनही उपचार पूर्ण केले गेले असते.

या रोगाविरुद्ध सर्वांत खात्रीचा उपाय मात्र प्रयोगशाळेबाहेर आहे. हिमोफिलसची लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि न्यूमोकॉकसची लस २०२१ मध्ये देशभर पोहोचली. बालकांना त्या वेळेवर टोचून घ्याव्यात. आणि ताप, ओकारी व ताठ मान ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर घरी उरलेल्या गोळ्या देऊन सकाळची वाट पाहू नये. गल्ली कितीही अरुंद असो, मुलाला उचलून त्याच घटकेस रुग्णालयाचा रस्ता धरावा.