लॅपटॉप बदलताना घरचा जमाखर्च हरवू नये म्हणून काय करायचं?

नवा लॅपटॉप आला की फोटो आणि कागदपत्रं आठवणीने हलवली जातात. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये घरचा जमाखर्च वर्षानुवर्षं लिहिला, त्याची फाइल बरेचदा मागेच राहते. नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, उघडतं, आणि त्यात एकही नोंद दिसत नाही.

कारण सॉफ्टवेअर वेगळं आणि त्यात लिहिलेला हिशेब वेगळा. सॉफ्टवेअर कितीही वेळा डाउनलोड करता येतं. हिशेबाची फाइल मात्र फक्त तुमच्या मशीनवर असते.

बँकेकडे सगळे तपशील असतातच ना?

सगळे नसतात. खात्याचं स्टेटमेंट बँकेकडून पुन्हा मिळू शकतं. पण रोखीने केलेला खर्च, नातेवाइकाला दिलेले उसने पैसे, दागिने कोणत्या भावाने घेतले, यातलं काहीच बँकेला माहीत नसतं.

याचा संबंध करांशीही येतो. घर विकताना नफा मोजायचा तर खरेदीच्या किमतीबरोबर नवी खोली बांधण्यासारख्या सुधारणांचा खर्चही धरता येतो. मात्र तो कधी आणि किती केला, हे दाखवावं लागतं. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या शेअर्सचा दीर्घकालीन नफा काढताना मूळ खरेदीची किंमत आणि त्या दिवशीचा बाजारभाव, असं दोन्ही लागतं. जुनी नोंद हरवली की ही आकडेमोड अडते.

फाइल नेमकी कुठे असते?

ग्नूकॅश या मोफत सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतं. यात हिशेबाची फाइल तुम्ही पहिल्यांदा जिथे सेव्ह केली, तिथेच असते. जागा आठवत नसेल, तर फाइल मेन्यूमध्ये अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी दिसते.

त्या फोल्डरमध्ये तारीख आणि वेळ जोडलेल्या आणखी बऱ्याच फाइल्स दिसतील. त्या ग्नूकॅशने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती आणि नोंदींचे लॉग असतात. सेटिंग बदललं नसेल, तर त्या 30 दिवस राहतात. पण त्या मूळ फाइलच्या शेजारी, त्याच डिस्कवर असतात. डिस्क बिघडली, तर मूळ फाइलसोबत त्याही जातात.

दोन गोष्टी मुख्य फाइलमध्ये नसतात. तुम्ही तयार करून ठेवलेले रिपोर्ट सेटिंग्जच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. नोंदीला बिलाचा स्कॅन जोडला असेल, तर फाइलमध्ये फक्त त्याचा पत्ता असतो, बिल नव्हे. त्यामुळे ही दोन्ही फोल्डर्स वेगळी कॉपी करावी लागतात.

फाइल हलवायची कशी?

1. आधी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. ग्नूकॅश चालू असताना शेजारी 'एलसीके' शेवट असलेली छोटी फाइल तयार होते. ती दिसत असेल, तर सॉफ्टवेअर बहुधा अजून उघडंच आहे.

2. फाइल कॉपी करा, कट करू नका. मध्येच केबल निघाली, तरी मूळ प्रत जागेवर राहते.

3. नव्या मशीनवर सॉफ्टवेअरची तीच किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.

4. फाइल उघडून प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्या मशीनवरच्या शिलकेशी ताडून पाहा. रुपया न् रुपया जुळल्याशिवाय जुना लॅपटॉप विकू नका, फॉरमॅटही करू नका.

गूगल ड्राइव्हवर ठेवली की झालं का?

निम्मं काम झालं. ड्राइव्हसारख्या सेवा फाइल 'सिंक' करतात, म्हणजे एका ठिकाणचा बदल सगळीकडे पोहोचवतात. चुकून फाइल डिलीट झाली, तर ती ड्राइव्हवरूनही जाते. ती 30 दिवस ट्रॅशमध्ये असते, नंतर कायमची जाते. एकच फाइल दोन लॅपटॉपवर एकाच वेळी उघडली, तर एकीकडच्या नोंदी दुसरीकडच्या नोंदींवर चढू शकतात.

म्हणून 3-2-1 हा नियम उपयोगी पडतो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी तो लोकप्रिय केला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपवरची फाइल, कपाटातली हार्ड डिस्क आणि क्लाउडवरची तारीख घातलेली प्रत, एवढ्यात नियम पूर्ण होतो.

फाइल दुसऱ्याच्या हाती लागली तर?

ग्नूकॅशच्या फाइलला पासवर्ड नसतो. ज्याच्या हाती ती लागेल, त्याला तुमचं उत्पन्न, कर्ज, गुंतवणूक सगळं वाचता येतं. त्यामुळे ती ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून तशीच पाठवू नका, आणि दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमध्येही उघडी ठेवू नका. सेव्हन-झिपसारख्या मोफत सॉफ्टवेअरने पासवर्ड घालून ती बंद करता येते.

हा पासवर्ड विसरला, तर ओटीपी मागवून नवा मिळत नाही. तो कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा. हिशेब लिहिणारी व्यक्ती अचानक आजारी पडली, तर विम्याचे हप्ते आणि ठेवींच्या तारखा घरच्यांना त्याच फाइलमध्ये शोधाव्या लागतात.

सॉफ्टवेअरच बंद पडलं तर?

असं घडलेलं आहे. मायक्रोसॉफ्टने 'मनी' या सॉफ्टवेअरची विक्री 2009 मध्ये थांबवली. अमेरिकेत लोकप्रिय असलेलं 'मिंट' मार्च 2024 मध्ये बंद झालं.

यावर उपाय म्हणजे वर्षातून एकदा सगळे व्यवहार सीएसव्ही फाइलमध्ये काढून ठेवणं. ही फाइल एक्सेलमध्ये किंवा साध्या नोटपॅडमध्येही उघडते. पण तिच्यात ठरावीक तारखांचे व्यवहार आणि रिपोर्ट येत नाहीत. म्हणून ती मूळ फाइलच्या जोडीला ठेवायची, तिच्या जागी नाही.

हे सगळं कधी करायचं? 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं, तो दिवस सोयीचा. त्या दिवशी नवी प्रत काढा आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.