गळ्यातली सुरी : हलकी हवी, पण कशाची?



पेण-रोह्याकडे रानात जाणाऱ्यांच्या कंबरेला मागे आकडी असते आणि आकडीत कोयती. लाकूडफाट्याला ती हवीच. पण दुधीचा देठ कापायला, भाजीच्या जुडीचा दोरा तोडायला, गोणीची सुतळी सोडवायला एवढं जड पातं कशाला? अशा वेळी आपण दात वापरतो, नाहीतर दाढीचं अर्धं ब्लेड पदराच्या गाठीत ठेवतो. तेच ब्लेड मग बोट कापतं. म्हणून आज गळ्यात अडकवायच्या छोट्या सुरीबद्दल बोलू या.

शहरात अशा सुऱ्या टायटॅनियमच्या मिळतात. हा धातू आपल्याला अगदीच परका नाही. हाड मोडल्यावर डॉक्टर आत जी पट्टी बसवतात, ती पुष्कळदा टायटॅनियमची असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचं खनिज आहे. पोलादापेक्षा तो जवळजवळ निम्म्याने हलका, आणि खाऱ्या पाण्यात गंजत नाही. मिठागरात किंवा खाडीत काम करणारीला हा गुण नक्कीच मोलाचा वाटेल.

पण धारेचं काय? लोहार पोलाद तापवून पाण्यात बुडवतो, म्हणजे पात्याला पाणी देतो, तेव्हा धार टिकते. टायटॅनियमला तसं पाणी चढत नाही, त्यामुळे त्याची धार लवकर बसते. भट्टीत तो फार तापला तर हवा शोषून ठिसूळ होतो. शिवाय घासताना उडणारा त्याचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो, आणि त्या आगीवर पाणी टाकणं धोक्याचं; कोरडी वाळू टाकावी लागते. गावच्या भात्यावर करायचं हे काम नव्हे.

आता वजन बघा. 13 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पट्टी पोलादाची असेल तर सुमारे 60 ग्रॅम भरते, टायटॅनियमची 35. पण पोलाद जास्त ताठ असतं, म्हणून 2 मिलिमीटरची पट्टीही पुरते. तिचं वजन 40 ग्रॅम. मुठीत दोन-तीन भोकं पाडली की आणखी कमी. म्हणजे पाच-दहा ग्रॅमसाठी महाग धातू घ्यायचा! आमचं मत विचाराल तर गटाने लोहाराकडून पातळ पोलादीच करून घ्यावी, आणि खाऱ्यात काम करणारीने रोज पुसून खोबरेल लावावं.

लोहाराकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. पातं बोटाएवढं, दोन-अडीच इंच, पुरे. मूठ मात्र आपल्या हाताच्या मापाची. बाजारातली बहुतेक हत्यारं पुरुषांच्या पंजाला बेतलेली असतात, म्हणून नमुना धरून खोटंखोटं कापून बघा. पहिलं बोट घसरून पात्यावर जाऊ नये यासाठी तिथे खाच हवी.

खरी मेहनत म्यानाची. पीव्हीसी पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करा, जाड हातमोजे घालून सुरीभोवती दाबा. विस्तवावर धरू नका, त्याचा धूर विषारी असतो. सुरी मूठ खाली करून लटकते, म्हणजे खाली ओढली की हातात येते. म्हणून म्यान घट्टच हवं. गळ्यात घालण्याआधी ते हातात उलटं धरून जोरात झटका. सुरी निसटली तर पुन्हा तापवून दाबा.

दोरी मंगळसूत्राहून लांब ठेवा, नाहीतर दोन्हींचा गुंता होतो. लावणीला वाकल्यावर म्यान झुलतं, तेव्हा त्याला कंबरेला बांधणारा दुसरा दोरा असावा. आणि मानेमागची गाठ पक्क्या दोरीची नको. तिथे साधा कच्चा सुती दोरा घाला. फांदीत अडकली तर दोरा तुटावा, मान आवळू नये. मळणीयंत्र किंवा गिरणीजवळ जाताना मात्र सुरी सरळ काढून ठेवायची, कच्चा दोरा असला तरीही. लेकरू कडेवर असेल तेव्हाही तेच.