अर्ध्या तासासाठी यवतमाळ

हा कुण्या एका घराचा दिवस नाही. महागाव तालुक्यात स्वमग्न मुलगा असलेल्या घराचा थेरपीचा दिवस कसा जातो, ते कळावं म्हणून तो जुळवून लिहिला आहे. मुलगा 7 वर्षांचा, आईवडील कोरडवाहू शेतकरी, आणि दिवस कापूस वेचणीच्या ऐन हंगामातला.

पहाटे 5

आईने रात्रीच पिशवी भरून ठेवली आहे. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, कागदांची फाइल, बदलायचे कपडे आणि कोरडे मुरमुरे. बाहेरचं दुसरं काही तो तोंडाला लावत नाही. भाजीचा रस पोळीला लागला तरी ताट सरकवतो. लोकांना हे लाड वाटतात, पण ते लाड नाहीत. चव, स्पर्श, आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतात.

सकाळी 6

तो उठला की आई त्याच्यापुढे चार फोटो मांडते: एसटी, दवाखाना, मॅडम, घर. एक गोष्ट झाली की तो फोटो पाकिटात जातो. तोंडी सांगितलेलं त्याच्या हाती लागत नाही, फोटो मात्र डोळ्यांपुढे राहतो. आधी यवतमाळला निघायचं म्हटलं की तो दारातच आडवा पडायचा. जायला त्याची ना नव्हती; पुढे काय होणार हे कळत नव्हतं, त्याची भीती होती.

बाप वेचणीला निघतो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे आईचा आजचा दिवस पुरता बुडाला.

सकाळी 7

उमरखेडकडून आलेली एसटी भरलेली. हॉर्न वाजतो तसा पोरगा दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडायला लागतो.

"काऊन रडून राह्यलं पोट्टं? एक द्या ना लावून," शेजारची बाई म्हणते.

"त्याले आवाज सोसत नाही मावशी. आजारी नाही, हट्टीबी नाही."

हे वाक्य आईला प्रत्येक गाडीत म्हणावं लागतं. कार्ड दाखवलं की मुलाच्या तिकिटात 75 टक्के सवलत मिळते. आईला मार्च 2023 पासून बायकांचं अर्धं तिकीट. या दोन सवलती नसत्या तर कितीतरी घरांची थेरपी दुसऱ्याच महिन्यात थांबली असती. आर्णी येईपर्यंत पोरगा खिडकीला गाल लावून शांत होतो.

सकाळी 10

सरकारी दवाखान्यात रांग. मुलांना इथवर पोचवणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने मुलं तपासायची, शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची, तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ एका छताखाली असावेत, अशी ती योजना. कल्पना चांगलीच आहे. मात्र जिल्हा म्हणजे यवतमाळ, आणि महागाव जिल्ह्याच्या दक्षिण भागात.

आईच्या फाइलीत मुलाच्या मोजणीचा कागद आहे. स्वमग्नता मोजायची भारतीय चाचणी 40 मुद्द्यांची असते: नजर देतो का, हाकेला वळतो का, तेच तेच बोलतो का. बेरीज 70 किंवा त्याहून जास्त आली की स्वमग्नता धरतात आणि 153 च्या वर गेली की तीव्र. हा कागद हाती यायला उशीर झाला, कारण घरात सगळे म्हणत होते, "याचा मामाबी उशिराच बोलला."

रांगेतली एक आई हळूच विचारते, मुंबईत स्टेम सेलचं इंजेक्शन देतात म्हणे, लाखो रुपये लागतात, वावर विकावं का? याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. विकू नका. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेच सांगितलं आहे की स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. मूल बरं करून देतो म्हणणारा माणूस आईच्या जिवावर धंदा करतो, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

दुपारी 12

नंबर लागतो. वाचा-उपचारतज्ज्ञ मॅडम साबणाचे फुगे फुंकतात, पोरगा उड्या मारतो. मग त्या थांबतात, कांडी तोंडाशी धरतात आणि काहीच करत नाहीत. पोरगा त्यांचा हात ओढतो. त्या वाट बघतात. बऱ्याच वेळाने आवाज येतो, "फू." लगेच फुगे सुटतात.

मग मॅडम आपल्या जागी आईला बसवतात.

"ताई, तुम्ही फार लवकर फुंकता. मनात पाचपर्यंत मोजा. मागायला जागा दिली तरच तो मागेल."

आई मोजते. तिसऱ्या खेपेला पोरगा तिच्याकडे बघून "फू" म्हणतो. अर्धा तास संपतो. दिवसभराच्या प्रवासाचं सगळं मोल त्या खुर्च्यांच्या अदलाबदलीत आहे. आठवड्यातून अर्धा तास मॅडमकडे घालवून मूल बोलायला लागत नाही. त्या अर्ध्या तासात आई शिकली, तर उरलेला आठवडा कामी येतो.

संध्याकाळी 6

वडील घरी आल्यावर आई त्यांना तेच शिकवते. मुरमुऱ्याचा डबा घट्ट लावायचा आणि तो मागेपर्यंत थांबायचं. आजीला हे पटत नाही. "लेकरू उपाशी ठेवता का?" म्हणत ती डबा उघडून देते. आजीचंही चुकत नाही. तिला कुणी समजावून सांगितलेलंच नाही.

रात्री 10

पोरगा जागाच. झोपेची तक्रार या मुलांत फार आढळते. आई मोबाइलवर सरकारच्या निरामय आरोग्य विम्याचा फॉर्म बघते. 1 लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही धरलेला. बाप उद्याच्या शाळेचं बोलतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. पण वर्गात त्याच्यासोबत काय करायचं, हे गुरुजींना दाखवायला विशेष शिक्षक नियमित यायला हवा.

मागणं मोठं नाही. पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वाचा-उपचारतज्ज्ञ बसवा, आणि आईसोबत बापाला, आजीलाही शिकवा. नगरपंचायतीने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा 5 टक्के निधी या मुलांच्या जाण्यायेण्यावरही खर्च करा. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातलं मूल वर्षाचं होऊनही बोटाने दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, सोळा महिन्यांचं होऊनही एक शब्द बोलत नसेल, तर मामाचं उदाहरण देत बसू नका. याच आठवड्यात अंगणवाडीताईंना सांगा आणि मुलाची तपासणी करून घ्या.