अभिरूप न्यायालय : करमणूक की शिक्षण?

कायद्याचे अज्ञान ही न्यायालयात सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु ज्या कायद्याचे ज्ञान असे गृहीत धरले जाते, तो सामान्य नागरिकाला शिकवावयाचा कोणी, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून विद्यार्थ्याला न्यायालयांची उतरंड पाठ होते. प्रत्यक्षात समन्स हाती पडले म्हणजे मात्र तो गोंधळून जातो. ही उणीव भरून काढण्यास अभिरूप न्यायालय हे उत्तम साधन आहे. विधी महाविद्यालयांबरोबरच कला व वाणिज्य शाखांतही ते रुजावयास हवे.

मात्र खटल्याची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे. खुनाचा खटला रंगतो आणि टाळ्याही मिळवितो. परंतु विद्यार्थ्याच्या घरावर उद्या येऊ शकणारा प्रसंग निराळाच असतो. उदाहरणार्थ, शेतकरी सावकाराकडून कर्ज घेतो, तारण म्हणून जमिनीचे कायम खरेदीखत लिहून देतो आणि फेडीनंतर जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राहते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परतीची अट त्याच दस्तऐवजात नसेल तर असा व्यवहार गहाण मानला जात नाही. उलटपक्षी, महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यान्वये, विहित मुदतीतील असा व्यवहार सावकारीतूनच झाल्याचे चौकशीत दिसून आल्यास खत अवैध ठरवून जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे.

या दोन कायद्यांमधील ओढाताण विद्यार्थ्यांनी उभय बाजूंनी लढवावी. शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्यास कळेल की, सहानुभूती म्हणजे पुरावा नव्हे. खतातील किंमत बाजारभावाच्या मानाने किती, कब्जा कोणाचा, सातबाऱ्यावर पीक कोणाच्या नावे, हे त्याला शोधावे लागेल. नंतर भूमिकांची अदलाबदल करावी, म्हणजे लिखित दस्तऐवजाचे सामर्थ्यही त्याच्या ध्यानी येईल. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हा धडा याहून परिणामकारक रीतीने देता येणे कठीण.

येथे एक इशारा आवश्यक आहे. विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात न्यायालयाचे कामकाज समजावून देण्याच्या निमित्ताने लटका खटला सुरू होतो आणि पाहता पाहता एका स्त्रीची खरीखुरी शिकार होते. न्यायाधीशच आसन सोडून साक्ष देऊ लागतो. खेळातही नियम सुटले की न्यायाचा जमाव होतो, हेच त्यातून दिसते. म्हणून वर्गातील कोणाचेही खासगी आयुष्य खटल्याचा विषय होता कामा नये आणि आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी मिळालीच पाहिजे.

निकाल कोणत्या बाजूने लागला, हे अशा उपक्रमात गौण होय. आपल्याला न रुचणाऱ्या माणसाचेही म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घ्यावयाचे, ही सवय विद्यार्थ्यांना जडली, तरी लोकशाहीच्या दृष्टीने तो लाभ थोडा नव्हे.