गोठ्यातलं औषध – भाग ५ : विरजण लागलं नाही तेव्हा

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. पुण्यात त्या दिवसांत दही चार-पाच तासांत लागतं. आंबायच्या आत फ्रीजमध्ये ठेवायची घाई असते. त्या रात्री मात्र विरजण लावलं आणि सकाळी पातेलं तिरकं करून पाहिलं, तर दूध दुधासारखंच हललं. विरजण कालच्याच दह्याचं, पातेलंही रोजचंच. शेजारच्या काकूंकडेही तेच झालेलं. दोन्ही घरी दूध एकाच गवळ्याचं, धायरीच्या पुढच्या गोठ्यातलं.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, "भाऊ, गाय आजारी होती का?"

तो खोटं बोलला नाही. "एकीला दगडी झाली होती, ताई. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली, इंजेक्शनं दिली. आता चांगली आहे."

"मग तिचं दूध?"

"बरी झाल्यावरच घातलं की."

दगडी म्हणजे कासदाह. सडाच्या छिद्रातून जिवाणू आत शिरतात, कास सुजून दगडासारखी कडक होते, धारेत गाठी येतात. त्यावर अँटिबायोटिक देणं चूक नाही; कधी कधी त्याच्याशिवाय गाय हाती लागत नाही. पण दही लावणारेही जिवाणूच. दुधात उतरलेल्या औषधाला रोगाचा जिवाणू कोणता आणि विरजणातला कोणता, हे कळत नाही. दूध उकळल्याने ते पुरतं जातही नाही. विरजण न लागायला इतर कारणंही असतात, पण एकाच दिवशी दोन घरी न लागणं आणि गोठ्यातलं उत्तर, यांची सांगड सहज बसत होती.

गवळ्याच्या त्या एका वाक्यात सगळा घोळ आहे. गाय बरी होण्याचा दिवस एक आणि तिच्या दुधातून औषध निघून जाण्याचा दिवस दुसरा. या दोन तारखांमधलं दूध माणसांच्या पोटात जाता कामा नये. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर हे दिवस छापलेच पाहिजेत, असा नियम २०१२ मध्ये झाला. ज्या औषधासाठी असे दिवस वेगळे ठरलेले नाहीत, त्याला दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे.

आता हे ७ दिवस गोठ्यात उभं राहून मोजा. गाय दिवसाला १२ लिटर देत असेल, तर ८४ लिटर दूध बाजूला. लिटरला ३० रुपये धरले तरी अडीच हजारांवर रुपये गेले, वर डॉक्टरांची फी आणि औषधं. पेंड उधारीवर आणणाऱ्याला ते दूध ओतून द्या म्हणून सांगणं सोपं आहे. माझं मत स्पष्ट आहे: स्वच्छ दूध हवं असेल, तर या नुकसानीचा वाटा दूध घेणाऱ्या संघांनी आणि पिणाऱ्या आपण उचलायला हवा. सगळा भार गोठ्यावर टाकून नियम पाळला जाणार नाही.

दह्याचं बिघडणं डोळ्यांना दिसलं, म्हणून कळलं. न दिसणारं नुकसान मोठं आहे. औषधाच्या माऱ्यातून जे जिवाणू वाचतात, ते शेणातून, सांडपाण्यातून, धार काढणाऱ्याच्या हातांवरून बाहेर पडतात आणि आपली तग धरण्याची खुबी इतर जिवाणूंनाही देतात. कोलिस्टिन हे इस्पितळात बाकी सगळे उपाय थकल्यावर काढायचं औषध. कोंबड्यांची वाढ चांगली व्हावी म्हणून ते खाद्यात मिसळलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. भारतात दुधा-मांसाच्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी आली.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. जंतुसंसर्गाने हातचं माणूस जाताना पाहिलेल्या पिढीला त्या औषधाचं मोल सांगावं लागत नव्हतं. आज सडात सोडतात त्या कित्येक ट्यूबांमध्ये त्याच घराण्यातलं औषध असतं. म्हणूनच ते जपून वापरावं, अशी माझी तळमळ आहे.

जपायचं कसं, याचं अर्धं उत्तर औंधला आहे. तिथल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत घटसर्प, फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांचा आंत्रविषार, कोंबड्यांची मानमोडी यांवरच्या लसी बनतात. घटसर्प आणि फऱ्या हे जिवाणूंचे रोग. पावसाळ्याआधी लस टोचली, तर त्या जनावराला या रोगांसाठी अँटिबायोटिक देण्याची वेळ सहसा येत नाही. २०२२ मध्ये लम्पी आला, तो विषाणूचा. त्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, पण घाबरलेला माणूस हाताला येईल ते टोचून घेतो. तेव्हाही खरा आधार शेळ्यांच्या देवीच्या लशीने दिला. नॉर्वेत १९८७ च्या सुमारास सामन माशांच्या शेतीत वर्षाला ५० टनांच्या आसपास अँटिबायोटिक जात होतं. चांगल्या लसी आल्या आणि पुढे हा वापर ९९ टक्क्यांनी घटला. माशांचं उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढलं.

दगडीवर अशी खात्रीची लस नाही. तिथे शिस्तच कामाला येते. धार काढल्यावर सडाचं छिद्र अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. गाय तेवढ्यात शेणात बसली की जिवाणूंना आयती वाट मिळते. म्हणून वैरण धार काढून झाल्यावर टाकायची, म्हणजे ती खात उभी राहते. सड जंतुनाशकात बुडवायचे. दगडीची गाय सगळ्यांत शेवटी पिळायची. सुरुवातीच्या सुजेवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आवर्जून सुचवतं. पण गाय तापली असेल, खाणं सोडलं असेल, तर लेपाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना बोलवायचं.

गेल्या आठवड्यात मी त्या गोठ्यावर गेले. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधलेली होती आणि भिंतीवर खडूने दोन तारखा लिहिल्या होत्या: शेवटच्या इंजेक्शनची आणि दूध पुन्हा घालायची. मला फार बरं वाटलं. निघताना विचारलं, मधल्या दिवसांचं दूध कुठे ओतता?

"ओतवत नाही हो, ताई. वासरांना पाजतो."

दावणीच्या टोकाला दोन कालवडी बादलीत तोंड घालून उभ्या होत्या. औषधाचं ते दूध त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं काय करतं, ते पुढच्या आठवड्यात.